गंधालीचा खडा आणि बाळचे पाय

सोमवार, ४ मार्च
खडा आला! गंधालीने — माझ्या लेकीची लेक — मोबाइलवर फोटो दाखवला. एवढासा, डोळ्याला दिसत पण नाही म्हणे. माणसाच्या अंगातल्या एका प्रथिनाचा स्फटिक. दीड वर्ष ते प्रथिन थेंबाथेंबांत घालून खडा धरायची वाट बघत बसली होती पोर. मी म्हटलं, "अगं, ही तर खडीसाखर! पाकात दोरा सोडायचा नि भांड्याला हात लावायचा नाही." तर म्हणते, "आजी, तूच ये ना लॅबमध्ये." चौथी पास मी! सगळ्या बिल्डिंगला सांगून आले. तळमजल्याच्या देसाईबाईंना दोनदा.

मंगळवार, ५ मार्च
विचारलं, त्या खड्याचं करणार काय? तर त्यावर किरण सोडून प्रथिनाचा आकार काढणार. ते बिघडलं की मुलग्यांचे स्नायू झिजतात. "आईकडून येतं, आजी. बहुतेक तिला कळतही नाही. मुलगा मात्र मांड्यांवर हात टेकत टेकत उठतो."
बाळ!

बुधवार, ६ मार्च
माझा भाऊ बाळ अस्साच उठायचा. बाराव्या वर्षी अंथरूण धरलं, सोळाव्याला गेला. आई म्हणाली, विषमज्वर सांगायचं, नाहीतर तुमची स्थळं मोडतील. मी नि धाकटी सुगंधा — देव्हाऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली. साठ वर्षं विषमज्वरच. ह्यांनाही कधी बोलले नाही.
आणि गंधालीला चौथा महिना.

शुक्रवार, ८ मार्च
आमटीत दोनदा मीठ. सांगू कसं?

रविवार, १० मार्च
सांगितलं. वाटलं, ओरडेल. पांढरी पडली नुसती. मग म्हणे, "आजी, मी रोज त्याच प्रथिनात हात घालून बसते गं. आणि तू..." आणि फोन उचलून तपासणीची वेळच घेतली. उद्या दोघींचं रक्त द्यायचं.

शनिवार, ३० मार्च
रिपोर्ट नाही. भांड्याला हात लावायचा नाही म्हणून गप्प आहे. पण दिवसातून दहादा मोबाइल बघते.

बुधवार, १० एप्रिल
नाही! दोघींच्याही रक्तात तो दोष नाही! देवापुढे खडीसाखर ठेवली, निम्मी मीच खाल्ली. गंधाली गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसत विचारते, "आजी, सुगंधाआजीचं काय?"

संध्याकाळ
गणपतीत सुगंधाच्या लेकीचा यज्ञेश, चार वर्षांचा, आरतीनंतर मांड्यांवर हात टेकत टेकत उठला होता. मी हसले होते. "काय हो म्हातारबुवा!" म्हटलं होतं.