जागच्या जागी थांबणारी गाडी

१२ जानेवारी २०२५, रविवार

सांगून टाकलं साईला — करतो. नाही म्हणायचा कंटाळा आला म्हणून करतो!

साई म्हणजे योगिनीचा धाकटा भाऊ. दुकानांचं, हॉटेलांचं इंटिरिअर करतो. पिंपळगाव बसवंतजवळ हायवेला ओम मोरे म्हणून कुणी नवीन हॉटेल काढतोय. त्याला दाराशी काचेच्या भल्यामोठ्या पेटीत छोटी रेल्वे पाहिजे. घाट, बोगदा, पूल, सगळं. गिऱ्हाइकं फोटो काढतील. "दाजी, तुमच्याशिवाय कोण करणार? तुम्ही तर खरे ड्रायव्हर!"

खरा ड्रायव्हर! दोन वर्षं इंजिनात पाय ठेवलेला नाही. नाशिकरोडला ऑफिसात टेबलाशी बसून दुसऱ्यांच्या ड्यूट्या लावतो. ती माणसं डबा-पिशवी घेऊन येतात, सही करतात, गाडीवर जातात. मी खुर्चीवर.

साईने लॅपटॉपवर रूळ मांडायचं सॉफ्टवेअर टाकून दिलंय. डावीकडे रुळांचे तुकडे — सरळ, वळणाचे, सांध्याचे. उचलायचे, पडद्यावर ठेवायचे. जुळला की टक्‌ करून चिकटतो. नाही जुळला की लाल. चला, इथे तरी चूक लगेच दिसते.

योगिनी द्राक्षांच्या पॅकहाउसवरून आली. पडद्याकडे एकदा पाहिलं आणि भाजी गरम करायला गेली. काय आहे म्हणून विचारलंही नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शेजारचे तिळगूळ देऊन गेले. गोड बोला म्हणे. कुणाशी?

१९ जानेवारी, रविवार

कसारा घाट त्या पेटीत बसवायचा म्हणजे हत्ती पिशवीत भरण्यासारखं. वळण जरा आवळलं की सॉफ्टवेअर अडवतं — एवढ्या वळणावर गाडी रूळ सोडेल. चढ वाढवला की इशारा — इंजिन चढणार नाही. अरे, कसाऱ्याला तरी कुठे चढतं? मागून इंजिनं लावून ढकलत आणावं लागतं! शेवटी घाटाचा नाद सोडून रूळ डोंगराभोवती फिरवत वर नेला, बोगद्यात वळवला, कसाऱ्याजवळच्या एहेगावच्या पुलासारखा पूल टाकला. सगळे सांधे जुळले. सकाळपासून बसलो होतो, जेवायचं भान नव्हतं. खोटं कशाला लिहू — बरं वाटलं.

मग चालवून बघायचं बटण दाबलं. पडद्यावर इंजिन निघालं. मागे डबे. पुलावर आलं तेव्हा थांबवलं.

थांबलं. जागच्या जागी!

हसू आलं. मग हसू थांबेना. योगिनी घरात नव्हती हे बरं झालं.

दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी मालगाडी भरलेली होती. कसबे सुकेण्याच्या अलीकडे. बाई रूळ ओलांडत होती, डोक्यावर घासाचा भारा. हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. ब्रेक होता नव्हता तेवढा मारला. भरलेली मालगाडी. ती थांबते तेव्हा थांबते. आपण नुसतं बघायचं. नाव नंतर कागदावर वाचलं, भागुबाई. चौकशीत लिहिलं, ड्रायव्हरची चूक नाही. सगळ्यांनी हात मिळवले. जसा काही पास झालो!

२३ जानेवारी, गुरुवार

रंगनाथकाका आले होते टेबलापाशी. मला गाडी त्यांनीच शिकवली. या वर्षी रिटायर होतात. म्हणाले, "हर्षल, या नोकरीत प्रत्येकाच्या वाट्याला एखादं माणूस येतंच रे. माझ्या वाट्याला तीन आलेत. जेवतोच ना मी?"

म्हटलं, जेवता. तेच तर मला कळत नाही.

उठून गेले. चहा तसाच राहिला. दिवसभर वाईट वाटलं, पण माफी मागितली नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

पिंपळगावला जाऊन आलो. साईने लॅपटॉप उघडून ओम मोरेला नकाशा दाखवला. गाडी फिरवून दाखवली. मोरे खूश. मग म्हणाला, "सर, भकास दिसतंय हो. माणसं टाका ना! एक फाटक टाका, बायका-पोरं, गाई-म्हशी, रूळ ओलांडताहेत... गाव वाटलं पाहिजे."

मी म्हटलं, माणसं टाकायची जागा नाही.

"एवढी मोकळी सोडलीय की!" — बोट ठेवून दाखवलं. बरोबर होतं त्याचं. जागा खूप आहे.

वर आणखी एक. उद्घाटनाला मी युनिफॉर्म घालून पेटीपाशी उभं राहायचं. पोरं फोटो काढतील. साई माझ्या तोंडाकडे बघेना. त्याला सगळं माहीत आहे. तरी आणलंच त्याने मला इथे!

इथवर आलोच आहे तर योगिनीला घेऊनच घरी जाऊ म्हणून तिच्या पॅकहाउसवर गेलो. द्राक्षांचा सीझन, रविवारीही काम चालू. गेटवरचा म्हणाला, "मॅडम तर दुपारीच गेल्या. चांगली साडी नेसून आल्या होत्या आज."

ती घरी आली दिवेलागणीला. केसांत गजरा. मी विचारलं, आज काम फार होतं का? म्हणाली, "हो, होतं."

बस. एवढंच.

९ फेब्रुवारी, रविवार

सॉफ्टवेअरमध्ये माणसांची पेटीच आहे. हमाल, गार्ड, शाळेची पोरं. एक बाई, डोक्यावर गाठोडं. पडद्यावर बाजूला ठेवली. रुळापासून लांब. मग तिच्याकडे बघत बसलो. वळवता येते, चेहरा हवा त्या दिशेला करता येतो. इंजिनाकडे तोंड केलं. मग पुसून टाकली.

नेमकी योगिनी मागे उभी. म्हणाली, "बंद करा ते. जेवायला बसा."

म्हणजे काय! मी म्हटलं, तुला काय झालंय सांगायला? ती गाडी तू नव्हतीस चालवत. तू नटूनथटून फिरतेस, काम होतं म्हणून थापा मारतेस. कुठे जातेस ते मला कळतं. हे शेवटचं वाक्य खोटं होतं, मला काहीच कळत नव्हतं. पण बोलून गेलो.

तिने ताट वाढलं. माझंच. स्वतः न जेवता झोपली.

पंधरा वर्षांचा संसार आणि मला बायकोचा चेहरा वाचता येत नाही. सिग्नल वाचायचो मैलभरावरून!

११ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस अबोला. पोळ्या मात्र गरम मिळतात. त्याचाच जास्त राग येतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काम संपवलं. डोंगर, पूल, बोगदा, मनमाडसारखं स्टेशन. एकही सांधा लाल नाही. एकही माणूस नाही. फाईल साईच्या हवाली केली. फोटोला येणार नाही म्हणून सांगितलं.

"दाजी, मोरे म्हणतो माणसं तो दुसऱ्याकडून टाकून घेईल."

घेऊ दे. आपल्याला काय!

लॅपटॉप परत दिला तेव्हा मात्र खोली एकदम रिकामी वाटली. आता रविवार काढायचे कसे? मला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर मी खेकसतो. असं माणूस घरात कशाला हवं? योगिनीने दुसरं काही शोधलं असेल तर तिला तरी कुठल्या तोंडाने बोलू?

१६ फेब्रुवारी, रविवार

योगिनीच्या स्कूटरवर मागे बसून एक मुलगी आली. विशीची असेल. योगिनी म्हणाली, "ही दिशा. माझ्याकडे पॅकिंगला आहे." स्कूटरची किल्ली खिळ्याला अडकवली. "भागुबाईंची मुलगी."

मी उठून उभा राहिलो.

मुलगीच बोलली. "मॅडम आईच्या दहाव्याला आल्या व्हत्या. मागं उभ्या राहून रडत व्हत्या, तव्हा कोन ते ठाव नव्हतं. मग त्यांनीच सांगितलं, कामालाबी घेतलं. माझ्या साखरपुड्यालाबी आल्या दोन तारखेला." पिशवीतून लग्नाची पत्रिका काढली. "पत्रिका घरी येऊन द्यायची असती, म्हनून आले. तुमच्यासाठी नाय आले."

योगिनीने पत्रिका घेऊन टेबलावर ठेवली.

"एक विचारायचं व्हतं. हॉर्न दिला व्हता का तुम्ही?"

"दिला. सोडलाच नाही."

योगिनीने दिलेला चहाचा कप तिने दोन्ही हातांत धरला. "आईचे कान गेले व्हते. मी म्हनायचे, एकटी नको जात जाऊ तिकडं. त्या दिवशी घास आनायला मीच जानार व्हते."

योगिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला. मुलीने चहा संपवला, उठली. पत्रिकेच्या पाकिटावर नाव एकट्या योगिनीचं होतं. दारातून परत फिरली, पेन मागितलं, आणि त्या नावाच्या आधी माझं लिहिलं.

नाव मला विचारलं नाही.