शब्दसंग्रहाच्या फाइलींना वेगळी डिस्क मिळण्याबाबत

प्रति,
श्री. यार्मो हेइक्किनेन,
संगणक विभागप्रमुख,
नगरपालिका कार्यालय, सुओलोयार्वी.

विषय: बालवाडीच्या सामी शब्दसंग्रहाच्या फाइली सामायिक साठवणयंत्रावर खरोखरच वेगळ्या डिस्कवर ठेवण्याबाबत.
संदर्भ: आपले उत्तर, "तिन्ही ड्राइव्ह स्वतंत्र आहेत, तक्रार निकाली."

महोदय,

मागील अर्जांतला मजकूर पुन्हा लिहिण्याचे त्राण उरलेले नाही. शिकवण्याची सवय आहे, म्हणून सावकाश सांगते.

१. आमच्या बालवाडीत मुलांशी फक्त सामी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, भाषेत बोलतात. आम्हा म्हाताऱ्यांनी उच्चारलेले शब्द आपल्या डेटाबेसमध्ये आहेत. मुलाने चित्रावर बोट ठेवले की शब्द ऐकू यावा, एवढीच अपेक्षा. तो येईपर्यंत मूल फिनिश शब्द बोलून मोकळे होते. परवा वर्गातली आइला म्हणाली, "आजी, आपले शब्द एवढे लांब राहतात का गं?"

२. शब्दांची फाइल, तिच्यातल्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवणारी लॉग फाइल आणि रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचे चित्रण यांना आपण तीन ड्राइव्ह दिलेत. प्रिंटर दुरुस्तीला आलेल्या आपल्या पिर्योबाई म्हणाल्या, "नावं तीन आहेत हो, पण खालच्या डिस्क त्याच." मी मुलांना विचारले, शाळेला तीन दारे केली, पण बूट काढायची खोली एकच ठेवली तर? आइला म्हणाली, "बूट शोधता शोधता सुट्टीच संपेल!" मुलांना कळले. बर्फावर नजर ठेवणारे आपले कॅमेरे दिवसभर त्याच खोलीत बूट काढत असतात, महोदय.

३. "गर्दी नसताना, सायंकाळी शब्द शोधावेत" ही आपली सूचना मिळाली. सायंकाळी मुले घरी असतात. घरी फिनिश बोलतात.

तरी विनंती, की शब्दांची फाइल वेगवान डिस्कवर, लॉग फाइल दुसऱ्या डिस्कसंचावर आणि कॅमेऱ्यांचे चित्रण या दोन्हींपासून दूर हलवावे. नवीन काही विकत घ्यावे लागत नाही, असे पिर्योबाई म्हणतात.

शेवटी एक. या महिन्याच्या आपल्या आलेखात यंत्रावरचा भार उतरलेला आणि वेग सुधारलेला दिसेल. कृपया तक्रार पुन्हा निकाली काढू नये. मुलांनी शब्द विचारणे सोडले आहे.

उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
लेम्पी सार्रे
बालवाडी शिक्षिका
दि. ३ मार्च

सोबत: आइलाने काढलेले चित्र (तीन दारे, एक खोली, पुष्कळ बूट).