देवाकडे निघालेला कागद मशीननं अडवला त्याची हकिकत

वन्सं, सगळ्यात आधी आला तो विल्बर्थ. राजधानीतला, सान होसेचा पोरगा, काखेत लॅपटॉप आणि पायांत असले पांढरेशुभ्र बूट, की आमच्या चिखलात त्यानं पाऊल टाकलं तेव्हा मलाच वाईट वाटलं. त्याच्यामागून ग्रेतेल, म्हणजे त्याची साहेबीण, इंजिनियर. आणि दोघांच्या मागे आपल्या कॉफी सोसायटीचा मॅनेजर एलाडिओ, तोंड असं पाडलेलं जसं काही सगळ्या मळ्याला कीड लागली. तिघं सरळ माझ्या स्वयंपाकघरात. पण थांबा, आधी रीत. थोरल्या वन्संना धाकट्या भावजयीचा, ओदिलियाचा नमस्कार. आपली काळी मेरीमाता, नेग्रितामाउली, तुम्हाला सुखात ठेवो. पुंतारेनासला उकाडा कसा आहे, कोंबड्या अंडी देतात ना, आणि सूनबाई अजून भातात मीठ विसरते का (विसरत असेल तर बोलू नका, तुमचे बंधू चाळीस वर्षं माझा खारट भात खाऊन गेले, कधी बोलले नाहीत).

तर झालं असं. परदेशातले कॉफीवाले म्हणाले, सभासदांची खासगी माहिती नीट सांभाळा, तरच माल घेऊ. म्हणून विल्बर्थ आणि ग्रेतेलनं सोसायटीच्या सर्व्हरवर एक मशीन बसवलं. सर्व्हर म्हणजे ऑफिसातले सगळे कागद जिथे असतात ते कपाट, फक्त दार नाही आणि झुरळं नाहीत. हे मशीन एकेक कागद वाचतं. ओळखपत्राचा नंबर दिसला, बँकेचं खातं दिसलं, कुणाचा आजार दिसला, की लाल खूण करतं. आधी म्हणे त्याला नुसतं वाचू द्यायचं, काहीच अडवायचं नाही, कुठे काय पडलंय ते कळावं म्हणून. (त्यात एलाडिओचं वजन कमी करायचं वेळापत्रक सापडलं. त्याची बायको रोज त्याला दोन वेळा मक्याचे, डुकराच्या चरबीतले तामाल बांधून देते, हे मशीनला कुठून कळणार.) मग अडवणं चालू केलं, आणि पहिल्याच सकाळी जो कागद अडकला तो माझा. अख्ख्या सोसायटीत सगळ्यात लाल. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईचा कागद, वन्सं. मी तर खूश झाले.

आता तुम्हाला ठाऊकच आहे, नाताळानंतर बाळयेशूचा देखावा उतरवायच्या आधी माझ्याकडे प्रार्थना असते आणि गावातल्या आजाऱ्यांसाठी मागणं मागतात. ते मी सांगते, आपली योर्लेनी ऑफिसात टाइप करते आणि पलीकडच्या गावच्या निदियाला मेल करते, कारण प्रार्थना तीच म्हणते. नाव, दुखणं आणि ओळखपत्राचा नंबर. नंबर का, तर आपल्या गावात अर्धे लोक मोरा आडनावाचे, आणि एकाच नावाच्या तीन-तीन बायका. मागल्या साली आम्ही खालच्या आळीतल्या सोइलाच्या गुडघ्यासाठी मागितलं, आणि चालायला लागली ती वरच्या आळीतली सोइला. ती तर मिसेलाही येत नाही. तेव्हापासून मी नंबर घालते. सरकारला ओळख पटायला लागतो, मग देवाला का नको?

ग्रेतेल म्हणाली, "आजी, खासगी माहिती बाहेर जातेय."

मी म्हटलं, "बाहेर कुठं, बाई, वर जातेय."

विल्बर्थ म्हणाला, नावाच्या जागी फुल्या घालू. मी म्हटलं, म्हणजे देवानं कोडी सोडवत बसायचं का. मग म्हणाला, नाव ठेवू, दुखणं काढू. मी म्हटलं, लेकरा, यादीत हा एलाडिओही आहे, त्याला हृदय बरं करून हवंय. देवानं चुकून कान बरे केले, तर घरी बायको काय काय बोलते ते सगळं त्याला ऐकू येईल. एलाडिओ मान खाली घालून गूळपाणी प्यायला.

पण मग एलाडिओनंच तोंड उघडलं. असा कागद बाहेर पाठवणाऱ्याला कामावरून काढायचं, हा नियम त्यानंच सही करून लावलाय. म्हणजे योर्लेनी. माझी नात, घरातली पहिली पगारदार मुलगी, चुलीपाशी उभी राहून ओठ चावत होती. मी कलथा खाली ठेवला. म्हटलं, मागणं माझं, आवाज माझा, तिची नुसती बोटं. काढायचं तर मला काढा. तो म्हणाला, "आजी, तुम्ही नोकरीला नाही आहात." म्हटलं, मग आधी ठेवा आणि मग काढा, पण कागद मी बदलणार नाही.

ग्रेतेल मात्र समजूतदार निघाली. (तिला मक्याची बिस्किटं आवडली. सहा खाल्ली.) ती म्हणाली, उद्या हा कागद विमा कंपनीच्या हाती लागला, तर याच एलाडिओंना विमा मिळणार नाही, म्हणून मशीन ओरडतं. पण ज्याचं दुखणं त्यानं लिहून दिलं, की मीच सांगायला सांगितलं, तर योर्लेनीवर ठपका येणार नाही, आणि या एका कागदाला मी वाट करून देईन. मात्र सगळ्यांच्या सह्या हव्यात, एकही कमी नको.

एवढंच ना. मी फाटकात उभी राहून हाक मारली. वन्सं, लग्नाला जमली नसती एवढी माणसं जमली. सोइला गुडघा घेऊन आली, उलिसेस हर्निया घेऊन आला, आणि सही करायच्या आधी प्रत्येकानं आपलं दुखणं ग्रेतेलला सविस्तर सांगितलं, उलिसेसनं तर दाखवलंसुद्धा. मशीननं लपवायला घेतलेलं सगळं तासाभरात गावभर झालं. मी सगळ्यांना भातखीर वाढली. अशी मजा पोरांच्या बारशानंतर आली नव्हती.

बाकी सर्व क्षेम. धाकट्यांना पापे.

तुमची ओदिलिया

ता. क. जाताना विल्बर्थनं लॅपटॉप मिटला, मला बाजूला घेतलं आणि आईच्या दम्यासाठी मागणं घालाल का म्हणून विचारलं. तिचा नंबर त्याला तोंडपाठ होता.

ता. क. दुसरा. सोबत एक फॉर्म आहे. सह्या सगळ्यांच्या झाल्या, एकच राहिली, तुमची. मूळव्याधीचं तुम्ही मला चर्चमागे कानात सांगितलं होतं, कुणाला सांगू नको म्हणून, आणि मी कुणालाच सांगितलं नाही, देवाला, निदियाला आणि टाइप करणाऱ्या योर्लेनीला सोडून. रागवायचं तर खुशाल रागवा, मी पुढच्या वर्षीही तुमचं मागणं घालणार, तुमचं दुखणं मला बघवत नाही. पण योर्लेनी तुमच्या भावाची नात आहे. खाली रेघ आहे तिथे सही करा आणि उद्याच्या बसनं पाठवा. ग्रेतेल आणि विल्बर्थ सह्या न्यायला गुरुवारी येतो म्हणालेत.