केर काढायचा नाही

३ मे

आईनं केरसुणी माजघराच्या कपाटामागं लपवली. हातच लावू देत नाही!

वीरधवलदादा काल गेला. रजा अजून निम्मी राहिली होती. जेवताना फोन आला – ताबडतोब हजर व्हा. ताटातली भाकरी तशीच राहिली. आमच्या गावात घरटी एकतरी माणूस फौजेत, त्यामुळे कराड स्टेशनवर संध्याकाळी निम्मं गावच उभं होतं. कुणी रडलं नाही. आमच्याकडं स्टेशनवर रडत नाहीत, घरी येऊन रडतात.

तर केरसुणी. घरचं माणूस लांब निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत घर झाडायचं नाही. झाडलं तर त्याची वाट पुसली जाते म्हणे. एरवी ठीक आहे, आत्या फलटणला पोचायला कितीसा वेळ लागतो? पण दादाची चौकी पार काश्मीरमध्ये, नदीच्या काठावर. आईला म्हटलं, "आणि फोनच नाही आला तर?" तिनं असं बघितलं, की मी गुपचूप भांडी घासायला बसले.

५ मे

फोन नाही. मुंग्या झाल्यात. शेंगांची टरफलं पायाला टोचतात.

दादा या रजेत एका म्हातारीबद्दल सांगत होता. नदी म्हणजेच तिथली हद्द. अलीकडं आपण, पलीकडं ते. त्या पलीकडच्या गावात एक म्हातारी रोज उजाडायला अंगण झाडते. म्हणाला, "घड्याळ बघायची गरजच न्हाई बघ क्रांते. म्हातारी झाडाय लागली की आमी चहा ठेवतो." तिची सख्खी बहीण अलीकडच्या गावात आहे. फाळणीनंतरच्या कुठल्याशा लढाईत एक इकडं राहिली, एक तिकडं. ईदला दोघी आपापल्या काठावर येतात आणि नुसत्या हात हलवतात. पाण्याच्या आवाजात बोललेलं ऐकूच येत नाही!

मी विचारलं, "तुला एवढं लांबचं दिसतं कसं?"

"दुर्बीण असती की. बसायचं आन् बघायचं. त्येच काम माजं."

"फुकटचा पगार!" मी म्हटलं. दादा हसला. आबा हसले नाहीत. आबा स्वतः तोफखान्यात सुभेदार होते. ते उठून गोठ्याकडं गेले.

६ मे

फोन नाही.

८ मे

लढाई सुरू झाली. काल पहाटेच. गावात दुसरं बोलणंच नाही. पोरं पारावर ओरडत फिरतायत. आबांनी टीव्हीची वायरच काढून ठेवली, म्हणून मी शेजारी सबाकडं गेले. सबाची आई, जरिनाचाची, माझ्या हातात चहाचा कप देऊन गेली.

टीव्हीवर नदी दाखवली. दादाचीच नदी! त्यांच्या बाजूनं गोळे पडत होते, अलीकडची घरं जळत होती. मग आपल्या तोफा सुरू झाल्या. पलीकडं एकामागून एक धूर. मी टाळ्या वाजवल्या. जोरात. इतक्या दिवसांनी जरा मोकळं वाटलं.

सबा म्हणाली, "ती म्हातारी तिथंच ऱ्हाते न्हवं?"

"असंल. मग?"

ती टीव्हीकडंच बघत राहिली. मला तिचा राग आला. तिचा भाऊ थोडाच तिथं आहे! घरी येताना दार आपटून आले.

९ मे

आज भयंकर झालं.

आबांची बहीण, धोंडूआत्या, फलटणहून आली. आईला आधार द्यायला. आई मळ्यात गेली होती, मी आंघोळीला. आत्यानं घराची दशा बघितली आणि कपाटामागून केरसुणी काढून सगळं घर झाडलं! कोपऱ्यांसकट. केर उकिरड्यावर नेऊन टाकला. मी बाहेर आले तर फरशी चकचकीत. मला आधी बरंच वाटलं, खरं सांगते.

आई दारात आली. वैरणीचा भारा डोक्यावर. खाली बघितलं आणि भारा तिथंच पडला.

"वन्सं, काय केलंसा ह्ये!"

"आगं, किती घाण हुती. मला वाटलं तुला जमंना झालंय—"

"त्यो पोचला न्हाई अजून!"

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. तिला माहीतच नव्हतं. तिला वाटलं, फोन कधीचाच आला असेल.

आईनं सुपली घेतली, उकिरड्यावर गेली. वाकून वाकून केर भरला. टरफलं, केस, माती, मुंग्यांसकट. घरात आणला आणि मुठीमुठीनं परत पसरला. स्वयंपाकघरात, माजघरात, दादाच्या कॉटखाली. जिथं जसा होता तसा. आत्या रडत होती. मी पण. आबा उंबऱ्यावर उभे राहून बघत होते. मला वाटलं आता ओरडणार, हा काय येडेपणा म्हणून. तर ते खाली बसले आणि दाराजवळ पडलेलं एक टरफल उचलून कॉटखाली ठेवून आले.

१० मे

गोळीबार थांबला म्हणे! पारावर पेढे वाटले. मी नाही खाल्ला. पलीकडच्या आळीत जोतीराममामांच्या मुलाचा फोन आला. आमचा नाही.

आई फोन मांडीवर ठेवून बसलीय. कंपनीच्या जाहिरातीचा फोन आला तरी दचकते.

१२ मे

आला!!!

"आई, पोचलो." एवढंच म्हणाला, जणू आत्ताच गाडीतून उतरला. आई म्हणाली, "जेवलास का?" मी फोन ओढून घेतला, "दादा, तुमी पोरांनी लय भारी केलंत! टीव्हीवर बघितलं!" तो म्हणाला, "आबांना दे."

आबा नुसतं "व्हय... व्हय..." करत होते. शेवटी म्हणाले, "हुकूम हुता. जिवाला लावून घिऊ नगंस." काय ते विचारलं तर सांगितलं नाही.

आईनं घर झाडलं. दोनदा. मी सबाकडं जाऊन तिच्या गळ्यात पडले. तिला कारण विचारावं लागलं नाही.

९ जून

दादा आलाय. राहिलेली रजा मिळाली. वाळलाय. कुणी लढाईचं विचारायला आलं की मळ्यात निघून जातो. सत्कार ठेवला होता, गेलाच नाही.

आणि एक विचित्रच. उजाडायला उठतो आणि खराटा घेऊन अंगण झाडतो! आई म्हणते, "आरं, लोक काय म्हणतील? मी हाय न्हवं झाडाय." ऐकत नाही. कुंपणापर्यंत झाडतो, मग खराटा टेकवून उत्तरेकडं बघत उभा राहतो.

११ जून

आज लवकर उठून त्याच्याजवळ गेले. विचारलं, "दादा, ती पलीकडची म्हातारी कशी हाय?"

खूप वेळ झाडतच राहिला. मग म्हणाला, "तिच्या घरामागं परड्यात त्यांनी तोफ आणून लावली हुती. अलीकडं तिच्या बहिणीच्या गावावर गोळं पडत हुतं." खराटा टेकवला. "आपल्या तोफवाल्यांना लांबनं काय दिसत न्हाई, क्रांते. दुर्बिणीवाल्यानं सांगायचं असतंय, कुठं मारायचं."

मी खराटा मागितला. त्यानं दिला नाही.