एकाच पावसाची दोन उत्तरं

जळगाव जामोद,
१२ ऑक्टोबर

शेखर,

‘ती. दादास’ लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं नाव. इकडे सोयाबीन निघालं. आई बरी आहे. सोनाळ्याच्या आपल्या घरातला पुराचा गाळ काढून झाला.

तू विचारलंस, चौकशी समितीला मी काय सांगणार. ऐक.

पुराचा प्रोग्राम मी लिहिला. नाल्याकाठच्या जमिनीच्या लहान चौकटी पाडलेल्या. प्रत्येक चौकटीतलं पाणी शेजारच्या चौकटींवरून ठरतं. म्हणून मी जुने आकडे वेगळे ठेवले होते, नवे वेगळे. माझ्या कॉम्प्युटरवर उत्तराला अख्खा दिवस लागायचा. तू तो हिशेब ग्राफिक्स कार्डावर चढवलास, हजारो चौकटी एकदम. तेवढा वेग पुरला नाही, म्हणून जुने-नवे आकडे एकाच जागी कोंबलेस. एक चौकट वाचतेय तोवर शेजारची बदललेली! एकाच पावसाचं उत्तर दर वेळी वेगळं यायला लागलं. मी फोन केला तर हसलास.

“फरक किरकोळ आहे गं. दिवसाचं काम चार मिनिटांत होतंय, ते बघ ना. गावात बसून तुला वेगाची किंमत कळायची नाही.”

पुराच्या त्या सकाळी तुमच्या ऑफिसचा निरोप सोनाळ्यात आला: खालच्या वस्तीला धोका नाही. शेजारच्या वंदनाकाकू तरी आल्या. “चाला भाऊ, शाळेत जाऊ. नाला लय चढून राह्यला.”

बाबा ओट्यावरून उठले नाहीत. “माह्या पोराच्या मशीननं सांगतलं, पाणी येत नाही. तुमी व्हा पुढं.”

आईला काकूंनी ओढत नेलं, म्हणून ती आहे.

लोकांसमोर तू ‘ढगफुटी’ म्हणालास. काकूंच्या अंगणात बाबांची तिरडी बांधत होते, तेव्हा मात्र मला न्हाणीच्या आडोशाला नेऊन बोललास: “प्रोग्राम पहिल्यांदा चालवला तेव्हा वस्तीत पाणी दाखवलं होतं. परत चालवला, तर नाही दाखवलं. मला वाटलं, दुसरंच बरोबर.”

वाटलं नाही, शेखर. तुला तेच हवं होतं. गाव हलवलं आणि पाणी आलं नाही, तर साहेबांसमोर तुझं हसं झालं असतं.

घरची अब्रू, आईची तब्येत, सगळं फोनवर सांगून झालंय तुझं. सोमवारी बुलढाण्याला समितीसमोर मी दोन्ही प्रोग्राम त्याच पावसावर चालवणार. माझा सावकाश चालतो. बसतील सगळे दिवसभर.

आणि आईला त्रास नको म्हणून गप्प राहा, हे परत म्हणू नकोस. तेव्हा न्हाणीत आईच होती. तिनं सगळं ऐकलं. काल म्हणाली, “मले बी घेऊन चाल. तो नाही बोलला, त मी सांगीन.”

कै. तुळशीरामांची मुलगी,
प्राची