कंबरेतला जास्तीचा एक इंच

डिलाईल रोड, रविवार

सौ. नलूताईस, धाकट्या मालनचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला थांबला का? आम्ही सगळी बरी आहोत. (फोनवरच सांगितलं असतं, पण तू मध्येच हसतेस, म्हणून पत्र.)

झालं असं, की आमच्या श्रेयाला ऑनलाइन एक स्पर्धा सापडली. गणितातली एखादी गोष्ट सगळ्यांना कळेल अशी व्हिडिओत समजावायची, आणि भाग घेणाऱ्यांनीच एकमेकांना मतं द्यायची. मी नववीत शाळा सोडलेली बाई, पण श्रेया म्हणाली, "आई, अंब्रेला फ्रॉक कापताना तू कंबरेला सहाने का भागतेस, तेवढंच सांग." मग मी डब्याच्या झाकणाभोवती टेप फिरवली आणि तीच झाकणावर आडवी धरून दाखवली. घेर भरला आडव्या मापाच्या तिप्पट, वर थोडं. फ्रॉकला माप मधून काठापर्यंतच घेतो, म्हणजे निम्मं, म्हणून सहापट, वर थोडं. ते थोडं सोडलं तर काय होतं हे दाखवायला मी चोवीसची कंबर बरोब्बर सहाने भागली आणि चार इंचांवर कात्री चालवली. कंबर इंचभर सैल. मोबाइल धरून उभे असलेले श्रेयाचे बाबा तेव्हा शांतपणे म्हणाले, "मालन, हे साटीन जुईचं ना?"

ताई, जुईचंच होतं. (तळमजल्यावरची. त्या शनिवारी तिचा वाढदिवस होता, त्याच फ्रॉकचं कापड.) खाली जाऊन मी तिच्या आईला सगळं कबूल केलं. ती व्हिडिओ दाखवा म्हणाली आणि दोनदा बघितला. मी मागे चुण्या घेतल्या, वर बो लावला. वाढदिवसाला आलेल्या तिघी बायकांनी तसाच बो मागितला.

श्रेयाने व्हिडिओतला तो साटीन कापल्याचा भाग काढू दिला नाही. मलाही दुसऱ्यांचे पाच व्हिडिओ तपासायला आले. एकात नुसती इंग्रजी अक्षरं धावत होती. मी लिहिलं, अक्षर सुंदर आहे, कळलं काही नाही. (त्यांनी आभार मानून नवा केला.)

बक्षीस मिळालं नाही. पण नागपूरच्या एका मास्तरांनी लिहिलं, "वीस वर्षं परीघ शिकवतोय. वरचं ते थोडं जातं कुठे, हे आज दिसलं." मी ते तीनदा वाचलं. मशीनवर बसले, तर टाके वाकडे पडायला लागले, म्हणून उठले.

भावोजींना नमस्कार सांग. तब्येतीला जप.

तुझी,
मालन

ता. क. गावच्या शाळेतून माझा शाळा सोडल्याचा दाखला काढून पाठव. दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरतेय.

आणखी एक ता. क. गेलीच आहेस तर तुझाही काढ. तुझ्या नावाचा फॉर्म श्रेयाने अर्धा भरलासुद्धा. गणित मी शिकवीन. इंग्रजीत दोघी मिळून नापास होऊ, मग बघू.