डेडस्टॉकमधला देवमासा

डोंबिवली (पश्चिम)
२० ऑगस्ट १९९७

प्रिय शीला,

तुझं पत्र गेल्या गुरुवारी मिळालं. येत्या रविवारी तुमच्या संग्रहालयाचा माणूस मुंबईची कामं उरकून माझ्याकडे येणार आणि देवमाशाचा मणका घेऊन नागपूरला जाणार, असं तू लिहिलं आहेस. त्याला पाठवू नकोस. मणका माझ्याकडे नाही. परवाच्या रविवारी, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, तो मी जनीला परत दिला. तुझं पत्र मिळाल्यावर दिला, चुकून नव्हे. पत्रासोबत तू जो टाइप केलेला कागद पाठवलास तोही मी वाचला. त्याबद्दल शेवटी लिहिते, कारण आधी लिहायला घेतलं तर बाकीचं लिहून होणार नाही.

जनी कोण हे तू विसरली असशील असं मला वाटत नाही. पण तुझ्या चार पानी पत्रात तिचं नाव एकदाही आलेलं नाही, म्हणून सांगते. नववीत मी तुम्हाला विज्ञान शिकवत होते तेव्हा ती तुझ्याच वर्गात होती, तिसऱ्या बाकावर, खिडकीकडच्या बाजूला. रेतीबंदराजवळच्या कोळीवस्तीतली. रोज शाळेत येण्याआधी आईबरोबर टोपल्या उचलून यायची आणि वर्गातल्या मुली तिच्या शेजारी बसायला कुरकुरायच्या. आपण कायस्थ, घरात मासळीवाचून घास उतरत नाही, तरी तूही एकदा कुरकुरली होतीस. तेव्हा मी तुला रागावले होते. पुढे मी तिच्याशी जे केलं त्याबद्दल मात्र मला रागावणारं कोणी नव्हतं.

ती मुंबईची सहल आठव. विज्ञानाच्या पुस्तकात देवमाशाचा धडा होता आणि मला तो नुसता वाचून दाखवायचा नव्हता. खाडीच्या काठी राहणाऱ्या आपल्या मुलींनी खरा समुद्र दोन-चारदाच पाहिलेला, तोही चौपाटीवर भेळ खाताना. म्हणून आधी मत्स्यालय, मग वस्तुसंग्रहालय. मत्स्यालयात मुली देवमासा शोधत काचेमागून काच फिरल्या आणि हिरमुसल्या. जनी एकटीच हसत होती. पाण्यातल्या माशांकडे बोट दाखवून म्हणाली, "बाई, यांना तिकीट काढून बघायचं? यांचं तर आमी कालवण करतो." संग्रहालयात भिंतीवर देवमाशाचं चित्र होतं आणि काचेच्या पेटीत वीतभर हाडाचा तुकडा. मुली माना उंचावून तो पाहत होत्या. जनी मागून म्हणाली, "आमच्या घरी याच्यापेक्षा मोठा हाय." सगळा वर्ग हसला. मीही तिला फुशारकी मारल्याबद्दल सर्वांदेखत झापलं.  दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती माझ्या टेबलाजवळ येऊन म्हणाली, "बाई, घरी चला. डोळ्यानं बघा."

मी गेले. ओटीवर, देवाच्या फळीखाली, फूटभर रुंदीचा तो मणका ठेवलेला होता. हळदीकुंकवानं पिवळा-लाल झालेला. जनीच्या पणज्यानं वसईच्या किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाचा तो मणका होडीतून खाडीनं वर आणलेला. त्यावर कोणी बसत नसे, त्याला पाय लावत नसे. नारळी पौर्णिमेला त्याला अंघोळ घालायची, पहिला नारळ त्याच्यापुढे वाढवायचा, मगच होडी पाण्यात उतरवायची, अशी त्या घराची रीत होती. तिचा आजा धाकू तरुणपणी वसईच्या मोठ्या होड्यांवर होता. त्यानं देवमासे पाहिलेले होते. श्वास सोडला की नासक्या मासळीची वाफ अंगावर येते, पिल्लू गाईच्या वासरासारखं आईच्या अंगाला लागून चालतं, एकदा त्यांच्याभोवतीचं पाणी दूध सांडल्यासारखं पांढरं झालेलं त्यानं पाहिलं होतं. मी पंधरा वर्षं 'देवमासा हा सस्तन प्राणी आहे' असं फळ्यावर लिहीत आले होते. ते वाक्य मला त्या ओटीवर पहिल्यांदा कळलं.

मणका जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मागितला तेव्हा धाकूनं आधी मणक्याला हात जोडले. मग म्हणाला, "पोरीच्या शालेसाठी ने बाय. पन पुनवेच्या आत परत पायजेल." मी हो म्हटलं. जनीनं आज्याकडून ऐकलेलं सगळं एका तपकिरी कव्हरच्या दोनशे पानी वहीत लिहून काढलं. अक्षर कसं होतं ते तुला माहीत आहे. मला तर ते अजून डोळ्यांपुढे दिसतं.

प्रदर्शन ठाण्याला होतं, जानेवारी पंच्याऐंशीत. बोलायचं जनीनं आणि तक्ता धरायचा तू, असं ठरलेलं होतं. तीन दिवस आधी मी ते उलट केलं. परीक्षक पुण्याहून येणार होते आणि जनी 'आहे'ला 'हाय' म्हणत होती. मी कारण सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. वही मात्र तिनं आपणहून तुझ्या हातात दिली. तू ती स्वयंपाकघरात फेऱ्या मारत पाठ केलीस. तिच्यात 'आमचे आजोबा सांगतात' असं जागोजागी होतं. कणीक मळता मळता मी ऐकत होते. तू थांबून मला विचारलंस, "आई, इथे 'जनीचे आजोबा' म्हणू का?" आणि मी म्हटलं, "नको, लय जाईल. आहे तसंच म्हण." तुझे खरे आजोबा कल्याणच्या कोर्टात कारकून होते. गणपतीच्या विसर्जनाला गुडघाभर पाण्यात उतरायचे, तेही धोतर वर खोचून. परीक्षकांनी तुला विचारलं, तुमचे आजोबा कुठे असतात? तू म्हणालीस, वारले. ते खरंच होतं. तुला पहिलं बक्षीस मिळालं. जनी दोन तास तक्ता धरून उभी होती, एकदाही हात बदलला नाही.

बक्षिसानंतर मुख्याध्यापकांना मणका शाळेचा वाटू लागला. प्रयोगशाळेतली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढली पाहिजे, हा नियम मीच काटेकोर पाळत असे. त्या रजिस्टरला वस्तू कशी आली यासाठी दोनच रकाने होते, 'खरेदी' आणि 'भेट'. उसन्या वस्तूला रकाना नव्हता. मी 'भेट' लिहिलं, पुढे धाकूचं नाव लिहिलं, आणि विश्राम शिपायाकडून मणक्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं क्रमांक घालून घेतला, एकशे चौदा. लिहिताना मनात म्हटलं, ऑगस्टला देऊन टाकू, तेव्हा काय ते खोडू. पण डेडस्टॉकमधली वस्तू निर्लेखनाशिवाय, म्हणजे तिची नोंद ठराव करून रद्द केल्याशिवाय, शाळेबाहेर जात नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

ऑगस्टमध्ये धाकू आला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, नवी लाल टोपी घालून, हातात नारळ. शिक्षकांच्या खोलीबाहेर तासभर उभा होता, बस म्हटलं तरी बसला नाही. मी त्याला नियम समजावून सांगितला, शाळा समितीकडे अर्ज करा म्हटलं.  तो म्हणाला, "देव अर्ज करतो काय गो बाय?" खोलीतल्या बाकीच्या शिक्षिका हसल्या. मीसुद्धा थोडी हसले. संध्याकाळी घरी मी तुम्हाला काय म्हटलं तेही आठवतं. विज्ञानाच्या शाळेनं अंधश्रद्धेपुढे वाकायचं नसतं. बरं वाटलं होतं मला ते वाक्य. त्याचा देव मणक्यात होता आणि माझा रजिस्टरात, एवढाच फरक होता, पण तो तेव्हा मला दिसला नाही.

अर्ज जनीनं लिहिला. एकही चूक नव्हती. समितीची बैठक दिवाळीनंतर झाली आणि 'भेट परत देण्याची तरतूद नाही' असा ठराव झाला. ठराव मी लिहून घेतला, कारण माझं अक्षर चांगलं. धाकूची होडी त्या वर्षी पाण्यात उतरलीच नाही. पूजा झाल्याशिवाय उतरवायची नाही म्हणजे नाही, त्यालाही नियमच होता. वस्तीतल्या लोकांनी समजावलं, मुलानं भांडण केलं, म्हातारा ऐकेना. घर बसलं. जनीचं दहावीतून नाव काढलं आणि ती आईबरोबर बाजारात बसली. मी तिच्या घरी गेले नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारण म्हणून 'घरगुती अडचण' असं लिहिलं.

त्यानंतरची बारा वर्षं तू घरातून पाहिलीस, मी बाजारातून. पश्चिमेच्या मासळीबाजारात जनी उजव्या हाताला तिसरी बसते. मी डाव्या हाताच्या शांताबाईकडून मासळी घेत असे. शांताबाईची मासळी शिळी असे हे मला माहीत होतं. जनी दर वेळी हाक मारायची, "बाई, आज बोंबील ताजे हाईत, बघा तरी." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी थांबून भांडले असते. आता खाडीत मासळी उरलेली नाही, कारखान्यांच्या पाण्यानं वास तेवढा उरला आहे. ती माल मुंबईहून आणते. धाकू नव्वद साली गेला.

जूनमध्ये शाळेची जुनी प्रयोगशाळा पाडून संगणकाची खोली करायला घेतली. मोडकी स्टुलं, फुटक्या परीक्षानळ्या, गंजलेले स्टँड आणि मणका, असं एकत्र निर्लेखन झालं. बारा वर्षं ज्याला तरतूद नव्हती ते एका सहीत झालं. विश्रामनं भंगारवाल्याच्या हातगाडीवरून मणका उतरवून माझ्याकडे आणला. मी काय केलं असेल? जनीला निरोप पाठवला नाही. गॅलरीत ठेवला आणि त्यावर तुळशीची कुंडी ठेवली. आणि तुला कौतुकानं पत्र लिहिलं. तू तो मागितलास ते माझ्याच पत्रामुळे. समुद्र न पाहिलेल्या विदर्भातल्या मुलांना देवमासा कळावा, त्यांना हाताला हाड लागावं, हा तुझा हेतू चांगला आहे. माझाही चांगलाच होता.

रविवारी विश्रामला बरोबर घेतलं, मणका गोणपाटात बांधला आणि रिक्षानं गेले. जनीनं गोणपाट सोडलं, क्रमांकावरून अंगठा फिरवला. ऑइलपेंट जात नाही. तिनं मणका मोरीवर नेऊन घासून धुतला, मग ओटीवर त्याच्या जागी ठेवला. ती जागा बारा वर्षं रिकामीच होती, तिथे तांब्याही ठेवलेला नव्हता. मी विचारलं, आता होडी आहे का? म्हणाली, "होडी कवाच कुजली. पुनव तर हाय ना." तिची तिसरीतली मुलगी मणक्याला हात लावून विचारत होती, हा केवढा मासा गो आये? जनी तिला म्हणाली, "मासा नाय. पोराला दूध पाजतो तो." तुझ्या पत्राबद्दल मी तिला सांगितलं, लपवलं नाही. ती म्हणाली, "शीलाला पायजे तर शीलानं येऊन मागावं. अर्ज नको, तोंडानं. आज्यानं मागितलेला तसा." मग चहा ठेवला. मी कप तोंडाला लावला तेव्हा तिनं विचारलं, "बाई, माझी वही कुठं हाय?"

तुझ्या टाइप केलेल्या कागदाकडे येते. मणक्याखाली लावायची पाटी म्हणून तू लिहिलं आहेस, 'कर्णिक कुटुंबाकडून भेट. शीला कर्णिक यांना देवमाशाची पहिली ओळख आपल्या आजोबांच्या तोंडून झाली.' शीला, हे वाक्य वाचून मी तुझ्यावर चिडले नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. चौदा वर्षांच्या मुलीनं मला प्रश्न विचारला होता आणि मी कणीक मळत तिला खोटं बोलायला लावलं. त्या खोट्यावर तू शिकलीस, नोकरीला लागलीस, आणि आता तुला ते खरं वाटतं आहे. परक्या गावातली मुलं ती पाटी वाचून वहीत उतरवून घेतील. ते वाक्य माझं आहे, मी ते परत घेते. पाटी फाडून टाक. ती तपकिरी वही तुझ्या ट्रंकेत तळाशी आहे, लग्नानंतरही तू ती नेलीस हे मी पाहिलं आहे. ती रजिस्टर पोस्टानं पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये आणि स्वतः दे. माझ्याकडे उतरायची गरज नाही. मणक्याची पोच मी रविवारी तिथेच लिहिली होती, सवयीनं त्यात 'भेट' असा शब्द पडला. जनीनं पेन मागून घेतलं, तो खोडला, वर तिचा शब्द लिहिला आणि खाली एक ओळ वाढवली. नक्कल सोबत देते.

तुझीच,
आई

पोच
दि. १७ ऑगस्ट १९९७

देवमाशाचा मणका, नग एक, वर पांढऱ्या रंगात क्रमांक ११४. सन १९८५ मध्ये शाळेने उसना घेतलेला. आज मिळाला.

देणार : कलावती गोपीनाथ कर्णिक
घेणार : जनी सहदेव कोळी

वही, तपकिरी कव्हरची, दोनशे पानी, नग एक. मिळाली नाही. शीलाकडे आहे.